४७ अंशांच्या आत: जबड्याच्या हाडातील ड्रिलिंगचा अनुभव

जिवंत हाड ४७ अंश सेल्सियसपर्यंत तापले आणि मिनिटभर तसेच राहिले, तर त्या जागचे हाड टिकत नाही, हे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या संशोधकांनी १९८३ साली सशांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. शरीराचे तापमान ३७ अंश धरले, तर हाडात ड्रिल फिरवणाऱ्याच्या हाती अवघे दहा अंश उरतात. माझ्या खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाढेला आधार देणारा टायटॅनियमचा स्क्रू, बसवायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या अनेक गोष्टींपैकी ही एक माझ्या मनातून जाईना. माझे नोकरीचे सारे आयुष्य ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूल रूममध्ये गेले आहे. लोखंडाला भोके पाडणे, त्यांत रीमर आणि टॅप फिरवणे, बोथट झालेल्या ड्रिलला ग्राइंडरवर धार लावणे हेच माझे काम होते. त्यामुळे माझ्या जबड्यात होणाऱ्या कामाकडे रुग्ण म्हणून पाहतानाच एक कारागीर म्हणूनही मी पाहत होतो, आणि त्या नजरेला जे दिसले ते सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

धातूच्या कामात उष्णतेची भीती असते ती ड्रिलसाठी. हायस्पीड स्टीलचे ड्रिल सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत आपला कठीणपणा टिकवून धरते. त्यापुढे धार जाते, चिप (कापून निघालेला धातूचा कीस) निळी पडते आणि कारागीर मशीन थांबवून ड्रिल पुन्हा घासायला नेतो. भोकाच्या भिंतीचे काय झाले याची चिंता फार थोड्या कामांत करावी लागते. हाडात सगळे उलट आहे. तिथे ड्रिलला काहीही होत नाही, पण भोकाची भिंत जिवंत राहणे हाच कामाचा हेतू असतो, कारण पुढे त्याच भिंतीतील पेशींना टायटॅनियमच्या पृष्ठभागाला लागून नवे हाड तयार करायचे असते. शिवाय हाड उष्णतेचे वाहक म्हणून पोलादाच्या तुलनेत फारच कमकुवत आहे. घर्षणाने निर्माण झालेली उष्णता आत पसरून विरत नाही. ती भोकाच्या कडेलाच साठून राहते.

टायटॅनियम आणि हाड यांची ही जवळीक स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५२ साली आली. सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी त्यांना नंतर हाडातून सुटी करता येईना. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिली इम्प्लांट्स बसवली, आणि ती लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत धातूच्या निवडीइतकाच भर हाड कापताना दाखवायच्या सौम्यतेवर होता, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत आवर्जून सांगितले. मला वाटते, या शस्त्रक्रियेविषयी बोलताना टायटॅनियमचे कौतुक फार होते आणि ड्रिलिंगकडे मात्र दुर्लक्ष होते.

माझी दाढ रूट कॅनाल होऊन बरीच वर्षे झाल्यावर मुळाशी उभी चिरली होती. ती काढल्यानंतर खड्डा हाडाने भरून येण्यासाठी काही महिने जाऊ दिले गेले. नंतर नौपाड्यातील त्या दवाखान्यातून मला जबड्याच्या त्रिमिती स्कॅनसाठी, म्हणजे सीबीसीटीसाठी पाठवण्यात आले. त्या स्कॅनवर डॉक्टरांनी मला मापे दाखवली, आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापातील चालणारा फरक, वाचण्याची सवय असल्यामुळे मला ती लगेच समजली. हाडाच्या माथ्यापासून खालून जाणाऱ्या मज्जातंतूच्या नळीपर्यंत १४ मिलिमीटर उंची होती. ही नळी म्हणजे खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदना देणाऱ्या नसेचा मार्ग. तिला ड्रिलचे टोक लागले तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. म्हणून तिच्यापासून निदान २ मिलिमीटर अंतर राखण्याचा नियम आहे. इम्प्लांट १० मिलिमीटर लांबीचे निवडले होते. तेव्हा मी विचारले, "डॉक्टर, ड्रिलवरची १० ची खूण टोकापासून मोजलेली असते, की पूर्ण व्यास सुरू होतो तिथपासून?" डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, हा प्रश्न मला आजवर फक्त शिकाऊ डॉक्टरांनी विचारला आहे." उत्तर असे होते की बहुतेक संचांमध्ये ड्रिलचे निमुळते टोक खुणेच्या मापात धरलेले नसते, त्यामुळे भोक प्रत्यक्षात इम्प्लांटपेक्षा काही अंशी अधिक खोल जाते, आणि हा फरक प्रत्येक कंपनीच्या संचात वेगळा असल्याने तो पाठ असावा लागतो. आमच्याकडे बंद भोकाची खोली देतानाही टोकाचा भाग वेगळाच धरतात. फरक एवढाच की तिथे चूक झाली तर एक जॉब भंगारात जातो.

त्याच भेटीत मी त्यांना ड्रिलच्या धारेविषयी विचारले. हा प्रश्न मी मुद्दाम विचारला, कारण बोथट ड्रिल कापत नाही, घासते, आणि घासण्यातूनच उष्णता निर्माण होते. त्यांनी वापरातून काढून टाकलेली काही ड्रिल एका डबीतून आणून माझ्यासमोर ठेवली आणि भिंगही दिले. सारी शस्त्रक्रियेच्या स्टेनलेस स्टीलची होती, एकावर गडद काळसर लेप होता. भिंगाखाली मला जे दिसले ते माझ्या पूर्ण ओळखीचे होते: बाहेरच्या कोपऱ्याशी धार गोल झालेली आणि तिच्या मागे एक बारीक चमकदार पट्टा, जो झिजलेल्या प्रत्येक ड्रिलवर असतो. नुसत्या डोळ्यांनी ती ड्रिल नवीच वाटली असती. हाडाच्या घर्षणाबरोबरच वारंवार ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जाण्यानेही धार उतरत जाते, म्हणून उत्पादक प्रत्येक ड्रिलसाठी वापराची मर्यादा ठरवून देतात. काही पायलट ड्रिल, म्हणजे सुरुवातीचे बारीक भोक पाडणारी ड्रिल, तर एकदाच वापरायची असतात. या दवाखान्यात प्रत्येक ड्रिलच्या वापराची नोंद एका वहीत ठेवली जात होती. ती वही पाहिल्यावर माझ्या मनातील भीती जवळजवळ नाहीशी झाली. टूल रूममध्येही टूल लाइफची नोंद ठेवणारा माणूसच विश्वासाचा मानला जातो. ज्यांना इम्प्लांट बसवून घ्यायचे आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात अविश्वास नाही, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्याला तो प्रश्न आवडतोच.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर, विशेषतः गेल्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही चाचणी, आणि रक्तदाब पाहण्यात आला. तंबाखू मी कधी खाल्ला नाही, त्यामुळे त्याविषयीचे बोलणे लवकर संपले.

स्कॅनच्या आधारे माझ्या दातांवर बसणारी प्लास्टिकची एक सर्जिकल गाइड तयार करून घेतली होती. तिच्यात ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कलात एक धातूची नळी बसवलेली होती. हे हुबेहूब ड्रिल जिग होते, म्हणजे भोक नेमक्या जागी पडावे म्हणून ड्रिलला वाट दाखवणारा साचा, आणि ती नळी म्हणजे जिगमधला बुश. माझ्या हातून अशा शेकडो जिग तयार झाल्या असतील, पण ती वस्तू माझ्या स्वतःच्या तोंडासाठी केलेली आहे हे पाहून मला फार समाधान वाटले. मी गृहीत धरले होते की सर्व ड्रिल तिच्यातूनच जातील. डॉक्टरांचा बेत वेगळा होता. गाइडमुळे ड्रिलची दिशा पक्की होते खरी, पण बाहेरून सोडलेले पाणी टोकापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून केवळ पहिले ड्रिल गाइडमधून घ्यायचे आणि दिशा मिळाली की गाइड काढून उरलेले काम उघड्यावर, भरपूर पाण्याखाली करायचे असे त्यांनी ठरवले होते. अचूकता आणि थंडावा यांच्यात त्यांनी काढलेला हा मार्ग मला अत्यंत योग्य वाटला. काही संचांत ड्रिलच्या आतूनच पाणी टोकाकडे नेलेले असते. आमच्याकडे खोल भोकांसाठी कूलंट आतून सोडणारी ड्रिल वापरतात तसेच ते आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मला अर्धवट बसवलेल्या अवस्थेत खुर्चीत ठेवून चेहऱ्याभोवती निर्जंतुक हिरवे कापड लावण्यात आले. ड्रिलचा ट्रे माझ्यासमोर उघडला गेला आणि निर्जंतुकीकरण झाल्याची खूण म्हणून पाकिटावरील पट्टीचा रंग बदललेला डॉक्टरांनी मला दाखवला. ट्रेमध्ये ड्रिल व्यासाच्या क्रमाने उभी होती, प्रत्येकीभोवती वेगळ्या रंगाचे कडे, आणि दांड्यावर खोलीच्या काळ्या खुणा. क्रम चुकूच नये अशी ती मांडणी होती. शेजारी मोटर, तिच्यावर टांगलेली सलाइनची बाटली, बाटलीतून पंपामार्फत हँडपीसपर्यंत, म्हणजे ड्रिल बसवून हातात धरायच्या भागापर्यंत, गेलेली नळी आणि पायाखाली पेडल. या हँडपीसमध्ये २० ला १ असे गिअर रिडक्शन असते, म्हणजे मोटर चाळीस हजार फेरे घेत असली तरी ड्रिल दोन हजारांपलीकडे जात नाही आणि कमी वेगातही जोर टिकतो. दात कोरण्याचा नेहमीचा एअरोटर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेतो, पण तो या कामाला चालत नाही. वेग तर नकोच असतो, शिवाय त्यातून बाहेर पडणारी हवा उघड्या ऊतकांत शिरून सूज येऊ शकते.

लिग्नोकेनची भूल चढल्यावर हिरडीला छेद देऊन ती बाजूला सारली गेली. त्यानंतर गाइड बसली आणि २ मिलिमीटरचे पायलट ड्रिल सुरू झाले. वेग त्यांनी मदतनीस मुलीला मोठ्याने सांगितला: एक हजार. मी मनातल्या मनात हिशेब केला. २ मिलिमीटर व्यास आणि १००० फेरे म्हणजे ड्रिलच्या कडेची कापण्याची गती मिनिटाला सुमारे ६.३ मीटर. मऊ पोलादात आम्ही ती पंचवीस-तीस मीटर धरतो. म्हणजे या बारीक ड्रिलला आम्ही चार हजारांच्या आसपास फेरे दिले असते. हाड पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही त्यासाठी पोलादाच्या चतुर्थांश गती, आणि तीही पाण्याच्या धारेखाली! दहा अंशांची ती मर्यादा आकड्यात कशी उतरते हे मला त्या क्षणी नेमके कळले.

वेदना नव्हती. जाणवत होते ते कंपन, कवटीतून थेट कानात येणारा आवाज, आणि घशाशी साचणारे खारट पाणी, जे मदतनीस सक्शनने सतत ओढून घेत होती. ड्रिल एका दमात खाली जात नव्हते. दोन-तीन मिलिमीटर आत, लगेच वर, पाणी आत शिरू द्यायचे, पुन्हा आत. आणि वर येताना मोटर कधीच बंद होत नव्हती. खोल भोकात ड्रिल वारंवार बाहेर काढून चिप साफ करण्याला आम्ही पेकिंग म्हणतो. हाडातही कारण तेच: खाचांमध्ये कीस भरला की धार कापणे सोडते आणि भरलेला कीसच भिंतीला घासू लागतो. ड्रिल आत असताना मोटर थांबवली तर ते हाडात अडकू शकते, म्हणून ते फिरतेच बाहेर काढतात. डॉक्टरांच्या हाताचा भार मी जबड्यावर जोखत होतो. तो फार हलका होता, ड्रिलला आपणहून कापू देणारा. वरचा कठीण थर संपला तेव्हा आवाजाची पट्टी किंचित उतरली आणि कंपन मऊ झाले, त्याच वेळी त्या म्हणाल्या, "आत चांगले हाड आहे, काका." हाडाच्या घनतेचे चार प्रकार लेकहोम आणि झार्ब या संशोधकांनी १९८५ साली सांगितले, माझे हाड दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे बाहेर जाड कठीण कवच आणि आत दाट जाळी असलेले, असल्याचे नंतर समजले. स्कॅनवरून त्याचा अंदाज आलेला असला तरी खरी खात्री ड्रिल धरणाऱ्या हातालाच होते.

पायलट भोकात दिशा दाखवणारी एक पिन ठेवून छोटा एक्स-रे काढण्यात आला. पिन शेजारच्या दाताच्या मुळाला समांतर आहे आणि नसेची नळी सुरक्षित अंतरावर आहे, हे पाहूनच पुढचे ड्रिल हाती घेतले गेले. या टप्प्यावर दिशा थोडी सुधारता येते. भोक रुंद झाल्यावर ते कठीण होते. मग गाइड काढली गेली, वेग आठशेवर आला, २.८ मिलिमीटरचे ड्रिल आणि त्यानंतर ३.५ चे. एकदम मोठे ड्रिल न घालता व्यास असा पायरीपायरीने वाढवण्यामागेही उष्णतेचेच कारण आहे, कारण प्रत्येक ड्रिलला भिंतीचा एक पातळ थर तेवढा काढावा लागतो. या ड्रिलच्या खाचांमध्ये अडकलेला लालसर ओला कीस डॉक्टरांनी एका वाटीत जमा केला. तो रुग्णाचेच जिवंत हाड असल्याने एखाद्या ठिकाणी भर घालायची गरज पडल्यास त्याचा उपयोग होतो. काही शल्यचिकित्सक याच कारणासाठी पाण्याविना, मिनिटाला पन्नास ते दीडशे अशा अत्यंत मंद फेऱ्यांवर ड्रिलिंग करतात, म्हणजे कीस वाहून जात नाही.

इम्प्लांटचा व्यास ४.२ मिलिमीटर होता आणि शेवटचे ड्रिल ३.५ चे. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. घट्ट बसणाऱ्या पिनसाठी आम्हीही भोक थोडे लहान ठेवतो, पण हाडात किती लहान ठेवायचे हे हाडच ठरवते: मऊ हाडात आणखी लहान, आणि फार कठीण हाडात उलट माथ्याशी भोक थोडे मोठे करून आधी टॅपने आटे पाडून घ्यावे लागतात. माझ्या बाबतीत माथ्यावरील कठीण थरापुरते एक रुंद ड्रिल फिरवले गेले आणि टॅपची गरज पडली नाही. शेवटी भोक सलाइनने धुतले गेले, एका बोथट सळईने तळ चाचपून तो शाबूत असल्याची खात्री केली गेली, आणि भोकात ताजे रक्त भरून आले. ते रक्त पाहून डॉक्टर समाधानी दिसल्या. भिंत जिवंत असल्याचे ते लक्षण होते.

इम्प्लांट फिरवण्यासाठी वेग एकदम पंचवीसवर आणला गेला. मोटरच्या पडद्यावर टॉर्कचा, म्हणजे पीळ देणाऱ्या जोराचा, आकडा चढताना मला तिरक्या नजरेने दिसत होता. ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या आसपास पोहोचताच मोटर आपोआप थांबली आणि उरलेला अर्धा फेरा हाताच्या रॅचेटने देण्यात आला. मी अधिक टॉर्क अधिक चांगला असे समजत होतो का, असे त्यांनी नंतर विचारले. मी नाही म्हणालो, कारण आटे ताणून बोल्ट तोडणारे मी खूप पाहिले आहेत. हाडात अति टॉर्कने भिंतीवर दाब येतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, आणि ड्रिलिंग थंड ठेवून वाचवलेल्या पेशी दाबाने जाऊ शकतात.

पुढचे दिवस साधे गेले. बर्फाचा शेक, मऊ भात आणि ताक, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, आठवड्याने टाके काढणे. सूज थोडी आली आणि उतरली.

त्यानंतरच्या आठवड्यांविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण इम्प्लांट घट्ट वाटत असतानाच त्याची पकड काही काळ कमी होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. सुरुवातीची पकड केवळ आट्यांच्या घट्टपणाची असते. शरीर ड्रिलने दुखावलेला हाडाचा पातळ थर हळूहळू काढून टाकते आणि नवे हाड घालते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड सैल झालेली आणि नवी पुरती न आलेली अशी स्थिती असते. ड्रिलिंग जितके थंड, तितका हा दुखावलेला थर पातळ. म्हणूनच त्या बाजूने कडक काही चावायचे नाही, ही सूचना मी दुखणे पूर्ण थांबल्यावरही पाळली. तीन महिन्यांनंतर इम्प्लांटवर एक छोटा खुंट बसवून त्याच्या कंपनावरून स्थिरता मोजण्यात आली. हे माप एक ते शंभर या पट्टीवर येते आणि सत्तरच्या वर चांगले मानतात. माझे शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा वाढलेले होते. झिरकोनिया या सिरॅमिकची दाढ त्यानंतर स्क्रूने बसवली गेली, त्या स्क्रूलाही टॉर्क रेंचनेच ठरलेला पीळ देण्यात आला.

आता माझ्या पत्नीच्या वरच्या जबड्यातील मागच्या दाढेचा विचार चालू आहे. तिच्या स्कॅनमध्ये हाड चौथ्या प्रकाराकडे झुकणारे, विरळ जाळीचे दिसते, आणि वर सायनसची पोकळी जवळ आहे. डॉक्टरांच्या मते तिथे ३.५ पर्यंत जायचे नाही. पायलटनंतर उलट दिशेने फिरणारी ड्रिल वापरून हाड न कापता बाजूला दाबत भोक रुंद करायचे, म्हणजे भिंत अधिक दाट होईल. अशा ड्रिलिंगमध्ये कापण्यापेक्षा घासणे जास्त असते, तेव्हा तिथे पाण्याचे आणि वरखाली हात चालवण्याचे प्रमाण काय ठेवणार, हे विचारण्यासाठी आम्ही दोघे पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाणार आहोत.